दादाच्या नावावरची गाडी

गाडी पासिंगला पहिल्यांदा नापास झाली तेव्हा साहेबांनी कागदावर सात चुका लिहून दिल्या. मैदानाच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी त्या सातही थोरल्या भावाच्या माथी मारून मोकळा झालो होतो.

खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाली की ती पुन्हा आरटीओला दाखवावी लागते. पास झाली तर पुढची पाच वर्षं रस्त्यावर, नाही तर भंगारात. माझ्या गाडीची पंधरा वर्षं भरायला अठरा दिवस उरले होते. मी सकाळी लवकर जाऊन रांगेत उभा राहिलो. गाडी आदल्या दिवशी घासून धुतली होती, बॉनेटला झेंडूची माळ होती, आतमध्ये उदबत्तीचा वास होता. नव्या सुनेला दाखवायला न्यावं तशी नेली होती मी तिला.

साहेब तरुण होते, माझ्या मुलाच्या वयाचे. आवाज अजिबात चढवत नव्हते, आणि त्याचाच मला राग येत होता. त्यांनी दिवे लावायला सांगितले.

"डावा दिवा कुठं बघतोय काका?"

"समोरच बघतोय की."

"समोर नाही, त्या लिंबाच्या शेंड्याकडं बघतोय. आणि दोन्ही काचांवर काळा टिकला नाही."

हेडलाइटच्या काचेवर मधोमध काळ्या रंगाचा ठिपका लावायचा नियम होता तेव्हा, समोरच्याच्या डोळ्यावर उजेड जाऊ नये म्हणून. तान्ह्या बाळाला काजळाचा लावतात तसा. तो लावायला मी विसरलो होतो. मग हॉर्न. तो वाजला, पण घसा बसल्यासारखा. मागचं एक टायर गुळगुळीत. स्टिअरिंग चार बोटं फिरल्यावर चाक हलायचं. मग साहेब मला मैदानाच्या कडेच्या चढावर घेऊन गेले आणि म्हणाले, "हँडब्रेक ओढा आणि पाय सोडा."

मी हँडब्रेक ओढला, पाय सोडला. गाडी शांतपणे मागं निघाली. मागं एक रिक्षा होती. रिक्षावाला ओरडला, "ओ शेठ, रिव्हर्सची परीक्षा नंतर असते!" रांगेतले सगळे हसले. मी कचकन पायाचा ब्रेक दाबला.

शेवटी साहेबांनी मागचं दार उघडून जमिनीवरचा रबरी गालिचा उचलला. खालून उजेड आला. तळव्याएवढं भोक होतं आणि त्यातून मैदानातली खडी दिसत होती.

"बूड कुजलंय," साहेब म्हणाले आणि लिहिलं. मग कागद उलटून पाहिला. "मालक तुम्हीच का?"

"गाडी माझी आहे. नाव भावाचं आहे."

"मग गाडी भावाची आहे."

मी गाडीच्या कप्प्यातून पिवळे पडलेले दोन फॉर्म काढले. एकोणतीस आणि तीस नंबरचे, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे. दोन्हीवर दादाची सही. साहेबांनी ते बोटाच्या चिमटीत धरले. घड्यांवर कागद फाटला होता.

"या सह्या किती वर्षांपूर्वीच्या आहेत?"

"नऊ."

"हे आता चालायचं नाही. मालकांची ताजी सही आणा. जमलं तर गाडीसोबत त्यांनाच घेऊन या." मग ते सहज म्हणाले, "हयात आहेत ना? नसतील तर वारसांचे कागद लागतील."

मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि पुढच्या गाडीकडं गेले. बाहेर एजंट म्हणाला, "शेठ, सहीचं एवढं काय? माझा हात बसलेला आहे." त्यालाही मी झापलं. आधी वाटलं, मी कायद्याला घाबरून झापलं. नंतर लक्षात आलं, दादाची सही दुसऱ्या कुणी करावी हे मला नको होतं. भांडण असलं तरी.

आता हे भांडण सांगायला हवं.

माझा धंदा बारदानाचा. म्हणजे रिकाम्या पोत्यांचा. गावाकडून, सटाण्याजवळून, नाशिकला आलो तेव्हा मार्केट यार्डात फाटकी पोती वेचायचो, दाभण आणि सुतळी घेऊन ती शिवायचो आणि व्यापाऱ्याला परत विकायचो. पुढं स्वतःचा गाळा झाला. सटाणा, नामपूर, नांदगाव, जिथं कांद्याचा बाजार तिथं माझी पोती जायची. जुनं पोतं घेताना आमची एकच रीत. ते झटकायचं, दोन्ही हातांनी ताणून उन्हाला धरायचं. भोक असेल तिथून ऊन येतं. ऊन दिसलं की मोठ्यानं बोलायचं, म्हणजे भाव पडतो. आणि पोतं चांगलं निघालं तर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

दादा शिकला, पंचायत समितीत नोकरीला लागला. घरात पहिली गाडी त्यानं घेतली. सहा वर्षं वापरून त्यानं नवी घ्यायची ठरवलं तेव्हा आईनंच मध्ये पडून सांगितलं, जुनी बाहेर कशाला देतोस, धाकट्याला दे. मी सटाण्याला गेलो. अंगणात चुलते, दोन शेजारी, दादाच्या ऑफिसातले एक गृहस्थ, सगळे चहा पीत बसले होते. आणि मी, काय सांगू, मला दुसरं काही येतच नाही. मी शर्ट काढून गाडीखाली शिरलो. स्क्रू-ड्रायव्हरनं ठोकत एकेक दोष मोठ्यानं सांगू लागलो. सायलेन्सर गळका. स्टिअरिंग ढिलं. डावा दिवा वर बघतोय. बुडाचा पत्रा ठोकला तर तो घंटेसारखा खणखणला. तिथं मी गप्प बसलो.

दादा हाताची घडी घालून उभा होता. मी बाहेर येऊन भाव सांगितला तेव्हा तो म्हणाला, "ही गाडी आहे, बारदान नाही. उन्हाला काय धरतोस?"

अंगणातले सगळे हसले. चुलते तर चहा सांडेपर्यंत हसले.

ज्या धंद्यावर मी माझं घर उभं केलं, बहिणीच्या लग्नात मांडवाचा खर्च उचलला, त्या धंद्याचं नाव दादानं शिवीसारखं वापरलं. मी चिडून भाव आणखी खाली आणला. तो म्हणाला, "घे. फुकट घे म्हटलं तरी तू वर्तावळ्याची सूट मागशील." बॉनेटवर कागद ठेवून त्यानं एकोणतीस-तीसवर सह्या केल्या. मी पैसे मोजून ठेवले आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "आता या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही."

नाही लागला. नऊ वर्षं आईला मी बहिणीच्या घरी भेटत होतो. सगळ्या भावकीत मी सांगत फिरलो की दादानं सख्ख्या भावाला सडकी गाडी दिली. गाडीचं काही बिघडलं की एकदा सांगायचो, दुरुस्त झालं की पुन्हा सांगायचो.

आणि गाडी नावावर का केली नाही? बायकोनं हजारदा विचारलं. मी म्हणायचो, वेळ नाही. खरं कारण धंद्याचं होतं. पोत्यावर आधीच्या मालकाचा छाप असतोच, कुठल्या कारखान्याचा, कुठल्या पेढीचा. तो कुणी पुसत बसत नाही. ज्याच्या हातात पोतं त्याचं पोतं. आज ना उद्या गाडी पुढं विकायची, मग मध्ये माझं नाव कशाला? सही केलेले कोरे फॉर्म पुढच्या गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. अशी मी हुशारी केली. गाडी विकली तर नाहीच. मागची सीट काढून तिथं पोती भरली आणि बाजार-बाजार हिंडलो. चार चाकं असलेली माझ्या मालकीची ती पहिली वस्तू होती, असं मी समजत होतो.

पासिंगवरून मी सरळ द्वारका चौकाच्या पलीकडच्या मिस्त्रीकडं गेलो. जुन्या नाशकातला माणूस, दाढी पांढरी, माझ्या रागाची त्याला सवय होती. मी कागद त्याच्यापुढं आपटला.

"बघ, माझ्या भावानं काय गळ्यात मारलंय ते."

"तुमचा भाऊ बडा आदमी दिसतो शेठ. नऊ साल झाले, अजून टायर त्याचंच?"

"बूड बघ बूड. बूड तर त्याच्याच वेळचं आहे ना?"

त्यानं गाडी वर घेतली. मी गॅरेजमध्ये येरझाऱ्या घालत होतो. गाळ्यावर फोन केला, ठेवला. बाहेर जाऊन चहा सांगितला, तो यायच्या आत पुन्हा आत आलो. अठरा दिवस डोक्यात टकटकत होते. सगळं दुरुस्त झालं तरी सहीचं काय? दादापुढं हात पसरायचा? नऊ वर्षं ज्याला सडका म्हणत आलो त्याला जाऊन म्हणायचं, तुझी सही दे? त्यापेक्षा गाडी भंगारात गेलेली बरी. पण भंगारातसुद्धा मालकाच्याच सहीनं जाते, हे मिस्त्रीनंच मला हसत हसत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला खाली बोलावलं. "शेठ, हात लावा. डरू नका."

भोकाच्या कडेचा गंज त्यानं खरवडून तळहातावर घेतला होता. तांबडी भुकटी, त्यात सुतळीसारखे बारीक तंतू, आणि काहीतरी पांढरं चमकत होतं.

"चाटून बघा."

"वेडा झालास का?"

त्यानं स्वतःच बोटाचं टोक जिभेला लावलं आणि थुंकला. "नमक. ही गाडी नाही शेठ, लोणच्याची बरणी आहे. यात मीठ कोण भरतं?"

मीच. नांदगावच्या बाजारातून मी मिठाची रिकामी पोती घ्यायचो, कारण ती स्वस्त मिळायची आणि विणीला घट्ट असायची. पावसाळ्यात ती ओली असायची. मागची सीट काढलेल्या जागी मी ती पायानं दाबून भरायचो, घरी येईपर्यंत खाली पाणी साचलेलं असायचं. वर्षानुवर्षं. एकदाही मी गालिचा उचलून पाहिला नाही. जगातलं प्रत्येक पोतं उन्हाला धरणाऱ्या माणसानं स्वतःची गाडी धरली नव्हती.

आणि मला ती घंटा ऐकू आली. सटाण्याच्या अंगणात, स्क्रू-ड्रायव्हरखाली वाजलेली. पत्रा ठणठणीत होता. मला तेव्हाच माहीत होतं.

मिस्त्रीनं पत्र्याचं ठिगळ वेल्डिंग करून बसवलं, चारी बाजूंनी, वर काळा रंग. स्टिअरिंग कसलं, दिवा खाली वळवला, काचांवर ब्रशनं दोन काळे टिकले लावले. टायर, हॉर्न नवे. सहा चुका मिटल्या. हँडब्रेकचं मात्र तो डोकं खाजवत म्हणाला, "केबल नवी टाकतो शेठ, पण एक बोलू? ही जुनी केबल झिजलेली नाही. हिला कुणी कधी कसलंच नाही."

मला त्यात रस नव्हता. हँडब्रेक मी कधी ओढतच नव्हतो. गिअरमध्ये टाकून उभी करायची, हीच माझी रीत.

अकरा दिवस उरले तेव्हा मी सटाण्याला निघालो. पिंपळगावला थांबलो, चहा घेतला, परत फिरावं वाटलं. चांदवडला पुन्हा थांबलो. भावडबारीच्या घाटात मोठ्यानं बोलून पाहत होतो. पहिलं वाक्य असं तयार केलं, "सरकारी काम आहे म्हणून आलोय." मग ते बदललं, "आईला भेटायला आलोय." देवळा येईपर्यंत एकही वाक्य तोंडात टिकेना. मिठाचं सांगायचं की नाही, हाच खरा प्रश्न होता. सांगितलं तर नऊ वर्षांची तक्रार माझ्याच अंगावर उलटणार. नाही सांगितलं तर कुणाला कळणार होतं? मिस्त्रीला आणि मला.

दादा अंगणात खुर्चीवर बसला होता. केस पिकले होते, बाकी तसाच. हाताची घडीसुद्धा तीच. मी गाडीतून उतरलो. आई ओट्यावर शेंगा फोडत होती, तिनं मान वर केली आणि उभीच राहिली. दादानं माझ्याकडं पाहिलं नाही, गाडीकडं पाहिलं.

"टिकले लावलेस वाटतं."

"पासिंगला लागतात."

"म्हणजे सहीसाठी आलास."

"सरकारी काम आहे," मी म्हणालो. घाटातलं वाक्य निम्मंच बाहेर पडलं.

आई म्हणाली, "बठ, आधी जेवी ले."

"जेवायला नाही आलो गं. मी इथंच उभा राहतो."

"त्याले बी मी तेच सांगस," ती दादाकडं बोट दाखवून म्हणाली. "नऊ साल झाले, तो बी उभाच शे."

दादा आत गेला. मला वाटलं पेन आणायला गेला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. त्यानं शर्ट काढला, खुर्चीवर नीट घडी करून ठेवला, आणि साठीला आलेला तो माणूस माझ्या गाडीखाली शिरला.

मी अंगणात उभा. गाडीखालून ठोकल्याचा आवाज येऊ लागला.

"सायलेन्सर नवा टाकलास?"

"हो."

"स्टिअरिंगला अजून हात हवा."

"कसलंय!"

"ढिलंच आहे." मग ठण्ण आवाज आला, मग थप्प. पुन्हा ठण्ण, पुन्हा थप्प. "इथं ठिगळ आहे. पत्रा का कुजला?"

हीच ती जागा. आईच्या हातातली शेंग थांबली होती. तिनंही माझ्या तोंडून ऐकलं होतं की दादानं कुजकं बूड दिलं. सगळ्या नातेवाइकांनी ऐकलं होतं.

"तुझ्या वेळी चांगला होता," मी म्हणालो.

"काय?"

"बूड चांगलं होतं म्हणतो! मी ठोकून पाहिलं होतं. मीठ माझं होतं. मिठाची पोती भरली मी नऊ वर्षं. ऐकू आलं का? की खाली येऊन कानात सांगू?"

गाडीखालचं ठोकणं थांबलं. मग दादा सरपटत बाहेर आला, पाठीला माती, हातात गंज. उठून बसला.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तुझंच. दिवा, स्टिअरिंग, सगळं तुझं. हँडब्रेक तर मैदानात सगळ्यांसमोर नाक कापून गेला."

आणि दादा हसला. खूप वर्षांनी मी त्याला हसताना पाहत होतो, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

"हँडब्रेक पहिल्या दिवसापासून धरत नव्हता," तो म्हणाला. "नवी घेतली तेव्हापासून. तू गाडीचं सगळं पाहिलंस, तेवढा ओढून पाहिला नाहीस. आपलं अंगण सपाट आहे ना."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"वीट दिली होती की सोबत."

डिकीतली वीट. जॅक, पाना आणि पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक वीट. मी त्या दिवशी नाशिकला पोचल्यावर बायकोला दाखवून म्हटलं होतं, बघ, दादानं विटासुद्धा विकल्या. ती वीट आमच्या मोरीत पाण्याच्या पिंपाखाली अजून आहे. चढावर चाकामागं लावायची वीट. दादा सहा वर्षं ती लावत होता, आणि देताना नीट गुंडाळून देत होता. तोंडानं बोलला नाही. मी बुडाबद्दल बोललो नव्हतो, तसाच.

मला इतका संताप आला की मी जेवायला बसलो. उंबरा ओलांडला हे पान वाढल्यावर लक्षात आलं. आईनं भाकरीवर दुसरी भाकरी टाकली. दादानं जेवता जेवता सगळ्या कागदांवर सह्या केल्या, पासिंगच्या आणि नवीन एकोणतीस-तीसच्याही.

"या वेळी नावावर कर," तो म्हणाला.

"करीन."

"बारदान—" तो म्हणाला आणि थांबला. मी पाणी पिता पिता थांबलो. "बारदानाचं कसं चाललंय, असं विचारत होतो."

"चाललंय," मी म्हणालो.

चार दिवसांनी तो एसटीनं नाशिकला आला. साहेबांनी मालकाला आणा म्हटलं होतं म्हणून आला, असं त्यानं दोनदा सांगितलं. मैदानावर तो माझ्या शेजारी बसला, गुडघ्यावर कागदांची पिशवी. साहेबांनी दिवे पाहिले, हॉर्न पाहिला, गालिचा उचलला, ठिगळावर बूट दाबून पाहिला. मग गाडी त्याच चढावर न्यायला सांगितली.

"मालक हे, मग चालवताय तुम्ही कोण?" त्यांनी खिडकीतून मला विचारलं. विसरले होते बहुतेक.

"धाकटा भाऊ माझा," दादा म्हणाला. "तपासल्याशिवाय कुठलीच वस्तू घेत नाही."

"हँडब्रेक ओढा. पाय सोडा."

मी ओढला. दादाचा पाय त्याच्या बाजूच्या रिकाम्या जमिनीवर घट्ट दाबला गेला, जणू तिथं ब्रेक होता. मी माझा पाय सोडला. गाडी जरा हलली, केबल कुरकुरली आणि ती थांबली.

साहेबांनी लिहिलं. आम्ही दोघंही चढावरून खाली यायची घाई करत नव्हतो.

"धरला," दादा म्हणाला.

"नवी केबल आहे. पैसे तुझ्याकडून घ्यायला हवेत," मी म्हणालो.

"किती?"

मी आकडा सांगितला. त्यानं निम्मा सांगितला. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि आम्ही तिथंच, चढावर, भाव करत बसलो.